पिंप कोणी बडवले, चेंडू कोणी बडवला?

भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली ती स्वतःच्या गदेने की अर्जुनाने केलेल्या खुणेने? हा प्रश्न आपल्याकडे कीर्तनाच्या मंडपापासून ओट्यावरच्या गप्पांपर्यंत हजारदा निघालेला आहे. कृष्णाच्या मनातले ओळखून अर्जुनाने आपल्या मांडीवर थाप मारली, भीमाने ती पाहिली आणि गदायुद्धाचा नियम मोडून नाभीच्या खाली प्रहार केला. बलराम संतापला, दुर्योधन पडला, युद्ध संपले. आता कोणी म्हणेल की, मांडीवर थाप मारून जर मांडी फुटत असेल तर भीम कशाला हवा? आणि दुसरा म्हणेल की, गदा जर भीमाचीच होती तर बलरामाला संतापण्याचे कारण काय? हे दोघेही चुकतात असे माझे म्हणणे आहे, आणि दोघे एकाच कारणाने चुकतात. खुणेचा फायदा आणि खुणेचा दोष या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

गेली काही वर्षे हाच खटला अमेरिकेत बेसबॉल नावाच्या खेळावरून चालू आहे. फैजपूरसारख्या केळीच्या मुलखात बसून अमेरिकेतल्या दांडूच्या खेळावर का लिहावे, असे कोणी विचारील. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ज्या गावाने अंगावर घेतले, त्या गावाला जगाचे वाद परके वाटत नाहीत, हे त्याचे एक उत्तर. दुसरे आणि अधिक खरे उत्तर असे की, हा वाद बेसबॉलपुरता नाहीच. तो आपल्या घरात, आपल्या मुलांच्या ताटापाशी येऊन बसलेला आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

प्रथम खेळ समजून घेऊ. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. त्याचा वेगवान चेंडू मारणाऱ्यापर्यंत सुमारे चार दशांश सेकंदात पोचतो. पापणी लवावी इतकाच हा अवकाश. एवढ्यात चेंडू सरळ येणार, की खाली वळणार, की वेग टाकून फसविणार, हे ओळखून दांडा फिरवायचा. कोणता चेंडू टाकावयाचा हे बहुधा मारणाऱ्याच्या पाठीमागे उकिडवा बसलेला पकडणारा सुचवितो, आणि ते तो मांड्यांच्या आडोशाला बोटे दाखवून सुचवीत असे. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवितात, त्यातलाच हा प्रकार. दोघांना कळावे, तिसऱ्याला कळू नये. ही बोटे तिसऱ्याने वाचली म्हणजे तिला खुणेची चोरी म्हणतात.

ह्यूस्टन ॲस्ट्रोज हा संघ २०१७ साली जगज्जेता ठरला. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच संघातून खेळलेल्या एका गोलंदाजाने उघडपणे सांगितले की, आम्ही चोरी करीत होतो. चौकशी झाली आणि १३ जानेवारी २०२० रोजी अहवाल बाहेर आला. घरच्या मैदानावर मधल्या भागात लावलेल्या कॅमेऱ्यातून पकडणाऱ्याची बोटे टिपली जात. खेळाडूंच्या बसण्याच्या जागेमागे एक पडदा लावलेला असे. त्यावर कोणी तरी खूण वाची आणि शेजारचे कचऱ्याचे पिंप दांड्याने बडवी. पिंप वाजले की वळणारा किंवा मंद चेंडू. पिंप गप्प राहिले की वेगवान. विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि एकविसाव्या शतकात एवढी यंत्रे जुळवून शेवटी काय केले, तर डबा बडविला! संघाचा व्यवस्थापक आणि मुख्य अधिकारी यांना वर्षभर खेळाबाहेर केले, मालकाने त्यांना त्याच दिवशी घरी पाठविले, पन्नास लाख डॉलरांचा दंड बसला. खेळाडूंना मात्र शिक्षा झाली नाही, आणि अजिंक्यपदही काढून घेतले गेले नाही.

येथून वादाला तोंड फुटले. पहिला पक्ष म्हणतो, सारा विजय पिंपाचा. हा पक्ष मोठा आहे, कारण दुसऱ्याचे यश कोणत्या तरी युक्तीच्या नावावर लिहून टाकणे ही मनुष्यस्वभावाची फार आवडती करमणूक आहे. शेजाऱ्याचा मुलगा पहिला आला की, ‘शिकवणी कुठली लावली होती?’ असे आपण प्रथम विचारतो. या पक्षाजवळ एक भक्कम आकडा आहे. २०१६ साली ह्यूस्टनचे मारणारे १,४५२ वेळा चेंडू न लागता बाद झाले होते. २०१७ साली ही संख्या १,०८७ वर आली, आणि साऱ्या संघांत ती सर्वांत कमी होती. एका वर्षात एवढा फरक! पिंपाशिवाय हे कसे घडेल?

प्रश्न रास्त आहे, परंतु उत्तर तितके सोपे नाही. पिंप ह्यूस्टनच्या मैदानात होते. ते गळ्यात बांधून संघ गावोगाव हिंडत नव्हता. तेव्हा घरच्या ८१ सामन्यांत धावांचा पूर यावयास हवा होता आणि परगावच्या ८१ सामन्यांत ओहोटी लागावयास हवी होती. घडले ते उलटेच. त्या वर्षी संघाने घरी ३९५ धावा केल्या आणि बाहेर ५०१. घरी ४८ सामने जिंकले आणि बाहेर ५३. त्यांचा सर्वश्रेष्ठ ठरलेला खेळाडू होजे अल्टुवे याने घरी हजार संधींत ३११ या प्रमाणात फटके मिळविले आणि बाहेर हजारात ३८१ या प्रमाणात. जेथे पिंप वाजत होते तेथे तो उणा, जेथे नव्हते तेथे अधिक! शिवाय २०१६ चा संघ आणि २०१७ चा संघ एकच नव्हता. रेडिक, मॅकॅन, बेल्ट्रान असे मुरलेले खेळाडू मध्यंतरी आले होते, आणि क्वचितच चेंडू चुकवतात असा गुरिएलचा लौकिक होता. घरात चार सुगरणी आणल्यावर पोळ्या करपण्याचे थांबले, तर त्याचे सारे श्रेय नव्या तव्याला देणे शहाणपणाचे नाही.

ह्यूस्टनच्याच टोनी ॲडम्स नावाच्या एका चाहत्याने एक विलक्षण उद्योग केला. स्वतःच्या लाडक्या संघाच्या ५८ घरगुती सामन्यांची चित्रणे त्याने चेंडू-चेंडू करून ऐकली आणि पिंपाचे ठोके मोजले. आठ हजारांहून अधिक चेंडूंमागे १,१४३ ठोके त्याच्या कानी आले. त्यांतले १४७ एकट्या मार्विन गोन्झालेझच्या वाट्याचे, तर अल्टुवेच्या वाट्याचे अवघे २४. म्हणजे सगळे मारणारे या प्रसादाचे सारखे वाटेकरी नव्हते. काहींना तो हवा होता, काहींना त्या आवाजाने लक्ष विचलित होत असावे. आणि खूण बरोबर वाचली तरी चेंडू वळणार एवढेच कळते. तो छातीशी येणार की गुडघ्याशी, हे पिंप सांगत नाही. ते ओळखून चार दशांश सेकंदात दांडा फिरविण्याचे काम उरतेच, आणि ते पिंपाच्या बापालाही येत नाही.

येथवर वाचून दुसऱ्या पक्षाचे लोक टाळ्या वाजवतील. त्यांचे म्हणणे हेच, की चोरीचा काही उपयोग झाला नाही, म्हणून एवढा गहजब कशाला? या मंडळींनी टाळ्या जरा आवराव्यात. आता पाळी त्यांची आहे.

पहिली गोष्ट. ठोके १,१४३ म्हणून उरलेले सात हजारांवर चेंडू स्वच्छ, हा हिशेब भाबडा आहे. पिंप गप्प राहणे हीसुद्धा खूणच होती! जी व्यवस्था चालू असताना आवाज म्हणजे वळणारा आणि शांतता म्हणजे वेगवान, तेथे शांततेलाही कान असतात. ठोके मोजता येतात, मौन मोजता येत नाही. म्हणून ठोक्यांवरून काढलेला आकडा उणाच निघणार.

दुसरी गोष्ट. घर आणि परगाव यांची तुलना फिरवूनही मांडता येते. वर्षअखेरच्या बाद फेऱ्यांत, जेथे अजिंक्यपदाचा निकाल लागतो तेथे, हाच संघ घरी नऊपैकी आठ सामने जिंकला आणि बाहेर नऊपैकी सहा हरला. मग कोणते आकडे खरे मानावयाचे? नऊ सामन्यांवरून सिद्धांत बांधता येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु मग ‘काहीच उपयोग झाला नाही’ हा सिद्धांतही बांधता येत नाही. संघ बाहेर अधिक चांगला खेळला यावरून एवढेच ठरते की तो चांगला संघ होता. पिंपाशिवाय घरी त्याने किती धावा केल्या असत्या, हे ती धावपट्टी पुन्हा मागे गुंडाळल्याखेरीज कोणालाही सांगता यावयाचे नाही.

तिसरी गोष्ट माणसाची आहे. ४ ऑगस्ट २०१७ रोजी टोरोंटो संघाचा माइक बोल्सिंगर ह्यूस्टनच्या मैदानावर चेंडू फेकावयास उतरला. आठ मारणारे त्याच्यासमोर आले, त्यांतला एकच बाद झाला आणि चार धावा गेल्या. ॲडम्सच्या मोजणीत सर्वांत जास्त ठोके ज्या सामन्यात आढळले तो हाच सामना. बोल्सिंगर त्यानंतर अमेरिकेच्या वरच्या साखळीत पुन्हा कधी खेळला नाही. पोटासाठी जपानला गेला. त्या दिवशी तो पिंपामुळे हरला की स्वतःच्या चुकीने, हे ठरविता येत नाही. परंतु ‘मी माझ्या चुकीने हरलो’ असे स्वतःला सांगून निजण्याचा साधा हक्कही त्याच्यापासून हिरावला गेला, एवढे मात्र निश्चित. सरासरीत दोन-चार दशांशांचा फरक पडला की नाही यावर पांडित्य करणाऱ्यांनी या माणसाला तो दशांश समजावून द्यावा.

आता कोणी म्हणेल, खूण वाचणे हेच जर पाप, तर आपल्या सचिन-राहुलचे काय? हा टोला मला आवडतो, कारण त्याच्यामुळे गाठ नेमकी सुटते. ऑक्टोबर १९९९ मध्ये मोहालीला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत आपला पहिला डाव ८३ धावांत आटोपला होता. दुसऱ्या डावात आपण ३ बाद ५०५ वर डाव सोडला. द्रविड १४४, तेंडुलकर नाबाद १२६. पुढे २०२० साली तेंडुलकरांनी स्वतः सांगितले की, क्रिस केर्न्स चेंडूची चकाकणारी बाजू हाताने झाकून उलटा स्विंग करीत होता. तेव्हा पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या द्रविडांनी ती बाजू पाहून ठेवायची आणि त्याप्रमाणे बॅट या नाही तर त्या हातात धरायची, असे दोघांचे ठरले. काही कळले नाही तर बॅट दोन्ही हातांमध्ये.

८३ आणि ५०५! पहिल्या पक्षाच्या हाती हे दोन आकडे पडले तर ते म्हणतील, चारशे बावीस धावा द्रविडांच्या हातबदलाच्या. परंतु त्याच डावात देवांग गांधी आणि सदागोपन रमेश या सलामीच्या दोघांनी सत्तरी ओलांडली होती, आणि गांगुली नाबाद ६४ राहिले. या तिघांच्या वेळी ती खूण कोणी कोणाला केली होती? पहिल्या दिवशी सकाळी डायन नॅशने २७ धावांत सहा गडी टिपले, त्यानंतर खेळपट्टी निवळली, हे साधे कारण आहे. खूण उपयोगी पडली असेल, निश्चितच पडली असेल; पण उशिरा वळणारा चेंडू खेळावयास लागणारे मनगट द्रविडांच्या डाव्या हातात नव्हते, ते तेंडुलकरांच्या अंगात होते.

मग मोहाली शुद्ध आणि ह्यूस्टन अशुद्ध, असे का? आपले ते पोर गोरे म्हणून? मुळीच नाही. द्रविड मैदानात होते, उघड्या डोळ्यांनी पाहत होते, आणि केर्न्सला ते दिसत होते. पुढे केर्न्सला संशय आला आणि त्याने चेंडूची पकडच बदलून पाहिली, असेही तेंडुलकरांनी सांगितले आहे. म्हणजे डावाला प्रतिडाव शिल्लक होता. बेसबॉलमध्येही दुसऱ्या तळावर पोचलेल्या धावकाने उघड्या डोळ्यांनी बोटे वाचली तर ती चोरी धरीत नाहीत. पकडणारा अशा वेळी खुणा बदलतो. आंद्रे आगासीने टेनिसमध्ये बोरिस बेकरच्या जिभेवरून त्याची सर्व्हिस ओळखली, ती ओळख कष्टाची होती. परंतु भिंतीआडच्या कॅमेऱ्याला प्रतिडाव नसतो. ज्याच्याविरुद्ध तो रोखलेला आहे त्याला तो आहे हेच माहीत नसते. माझ्या मते रेषा येथे आहे. समोरच्याला उलटून उत्तर देण्याची संधी असेल तोवर ती चतुराई. ती संधीच काढून घेतली की चोरी. फायदा किती झाला याच्याशी या रेषेचा काडीचा संबंध नाही.

आता घरात येतो. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, आपल्या खानदेशात आणि साऱ्या महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षा होतात. भरारी पथके फिरतात, कॉपीमुक्तीच्या मोहिमा निघतात, आणि तरीही कुठे ना कुठे शाळेच्या कुंपणावरून चिठ्ठ्या आत जातात. त्या टाकणारे हात मुलांचे नसतात; कित्येकदा बापाचे, काकाचे, मामाचे असतात. या वडीलधाऱ्यांना विचारा. ते दोन उत्तरे देतात, आणि ती अगदी ह्यूस्टनचीच आहेत. पहिले: ‘पोरगं हुशारच आहे हो, दोन मार्कांनी काय फरक पडतो?’ दुसरे: ‘सगळेच करतात.’

पहिल्या उत्तराकडे बघा. पोर हुशार आहे, फरक पडत नाही. मग चिठ्ठी कशाला? फरक पडतो म्हणून ती टाकावयाची, आणि पकडले गेल्यावर फरक पडला नाही म्हणून सुटावयाचे! दुसऱ्या उत्तराला उत्तर असे की, सगळे करीत असतील तर लाभ कोणालाच नाही, आणि जो करीत नाही त्या एकट्याचा घात आहे. आठव्या रांगेत मान खाली घालून प्रामाणिकपणे लिहिणारी एक मुलगी असते. शेतमजुराची असेल, पहाटे उठून पाणी भरून आलेली असेल. तिला एक्क्याऐंशी टक्के मिळतात, आणि गाव म्हणते, ‘त्या केंद्रावरच्या मुलांचे गुण काय खरे!’ तिचे एक्क्याऐंशी टक्के खोटे कोणी केले? तिने तर नाही.

चोरीचे खरे नुकसान हे आहे, आणि ते कोणत्याही धावफलकात दिसत नाही. अल्टुवेने परगावी, जेथे पिंप नव्हते तेथे, हजारात ३८१ या प्रमाणात फटके मारले. तो पराक्रम त्याचा होता. तरी आज प्रेक्षक त्याची हुर्यो उडवतात आणि त्या ३८१ कडे बोट दाखविण्याची सोय त्याला उरलेली नाही. त्याआधी १९५१ साली न्यूयॉर्क जायंट्स हा संघ ऑगस्टात साडेतेरा सामन्यांनी मागे होता. उरलेल्या ४४ सामन्यांपैकी ३७ जिंकून त्याने बरोबरी गाठली, आणि ३ ऑक्टोबरला बॉबी थॉमसनच्या एका तडाख्याने तो विजयी झाला. अर्ध्या शतकाने, २००१ साली, मैदानाच्या टोकाला बसविलेल्या दुर्बिणीची आणि विजेच्या घंटेची हकीकत तपशिलाने छापून आली. त्या नेमक्या चेंडूची खूण आपण घेतली नाही, असे थॉमसन सांगत राहिला. खरेही असेल. पण ज्याच्या घरात चोरीचा एक हंडा सापडला, त्याची बाकीची भांडी त्याच्या आजीने दिलेली आहेत हे कोण मानणार?

म्हणून माझा आग्रह असा आहे की, ‘किती फरक पडला?’ हा प्रश्न अभ्यासकांनी जरूर सोडवावा. तो मोठा रंजक आहे, आणि माझे उत्तर विचाराल तर ‘थोडा, असमान, आणि सगळे म्हणतात त्यापेक्षा कमी’ असे आहे. परंतु त्या प्रश्नाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये. चोराने तिजोरी फोडली आणि आत बारा आणेच निघाले, म्हणून फोडलेले कुलूप आपोआप जुळत नाही. अमेरिकेने २०२२ पासून बोटांच्या खुणांऐवजी विजेच्या छोट्या यंत्रावरून संदेश देण्याची सोय सुरू केली. कुलूप अधिक भक्कम केले. ठीक आहे. पण कुलपे भक्कम करीत जाणे ही चोऱ्या वाढल्याची कबुली असते, शील वाढल्याची नव्हे.

आणि आता सणाचे दिवस आहेत. फराळाचे ताट बाजूला सरले की घरोघर मेंढीकोटाचे डाव पडतील. भिडूने कान खाजविला म्हणजे बदाम, नाक चोळले म्हणजे इस्पिक, असल्या खुणांना ऊत येईल. मामा-भाचे, नणंदा-भावजया एकमेकांना रंगेहात पकडतील आणि आरडाओरड होईल. ती होऊ द्यावी. त्यात गोडी आहे, कारण तेथे सगळ्यांचे डोळे सगळ्यांवर असतात आणि प्रत्येक खुणेला प्रतिखूण असते. पण त्या डावात कडेला बसलेले एक लहान पोर सारे बघत असते. हुकूम कोणी कसा कळविला यापेक्षा, पकडले गेल्यावर घरातला मोठा माणूस काय बोलला, ते त्याच्या ध्यानात राहते. ‘त्याने काय बिघडले, आपण तसेही जिंकलोच असतो,’ हे वाक्य तेवढे त्याच्या कानावर पडू देऊ नका. पुढची सगळी पिंपे त्या एका वाक्यावर वाजतात.